उतरल्यावरची आंघोळ

आमच्या अण्णांचा एक नियम आहे. आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही. घरी असोत, लग्नाच्या कार्यालयात असोत की प्रवासात, आधी आंघोळ, मग दोन मिनिटं डोळे मिटून देवाचं नाव, मग चहा. लहानपणी आम्ही काचीगुड्याहून रात्रीच्या गाडीनं परभणीला आत्याकडे जायचो. पहाटे उतरलं की सगळ्यांचे पाय आत्याच्या घराकडे वळलेले, आणि अण्णा मात्र पंचा आणि साबणाची डबी घेऊन स्टेशनातल्या प्रतीक्षालयाकडे. आम्ही बाकावर सामानाभोवती बसून, आणि आत्याचे यजमान बाहेर रिक्षा थांबवून. अर्ध्या तासानं अण्णा ओले केस विंचरत बाहेर येत, तेव्हा कुठे आमची वरात निघायची.

म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांना लंडनला न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न थंडीचा नव्हता आणि जेवणाचाही नव्हता.

"उतरल्यावर आंघोळीची सोय काय?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आहे ना अण्णा. विमानतळावर खास त्यासाठीच लाउंज आहे. माझ्या कार्डावर जाता येतं."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरीही मी तोंडघशी पडलो, तो कसा ते सांगतो.

लाउंज म्हणजे काय हे आता आपल्याकडे कोणाला समजावायला नको. क्रेडिट कार्ड घासायचं, दोन रुपये कापून घ्यायचे आणि इडली, पोहे, कॉफी हाणायची, हा शमशाबादला जाणाऱ्या आपल्या पिढीचा आवडता खेळ आहे. (आता बऱ्याच बँकांनी गेल्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच, अशी अट घातल्यापासून खेळ जरा बेचव झालाय.) पण ही सगळी लाउंज निघतानाची. सुरक्षा तपासणी ओलांडायची, पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास दाखवायचा, आत शिरायचं. पोचल्यानंतरचं लाउंज ही वेगळीच जात. ते विमानतळाच्या बाहेरच्या अंगाला असतं, म्हणजे इमिग्रेशन झालं, बॅगा मिळाल्या, कस्टम्स ओलांडलं की मग. तिथे पुढचा नाही, मागचा बोर्डिंग पास दाखवावा लागतो, ज्याचा आपण विमानातच चोळामोळा करून समोरच्या खिशात कोंबलेला असतो.

ही लाउंज फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि त्याचं कारण घड्याळात आहे. भारतातून, आखातापलीकडून, अमेरिकेतून रात्रीची विमानं निघतात आणि युरोपात पहाटे पाच ते आठच्या दरम्यान येऊन टेकतात. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळणार, आणि मीटिंग नऊला. या मधल्या वेळात माणसानं दाढी कुठे करायची, चुरगळलेला शर्ट कुठे बदलायचा? महाग तिकीट काढणाऱ्या गिऱ्हाइकाचा हा प्रश्न सोडवायला ही लाउंज निघाली. म्हणून तिथे खाण्यापेक्षा न्हाणीघरांना महत्त्व. आणि म्हणूनच ती दुपारी बंद होतात. हीथ्रोच्या टर्मिनल ५ वरचं ब्रिटिश एअरवेजचं लाउंज पहाटे पाचला उघडतं आणि दुपारी दोनला मिटतं. हैदराबादहून सकाळी निघणारं विमान मी घ्यायचो तेव्हा ते दुपारी एकच्या पुढेमागे उतरायचं. भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथली स्वयंचलित ई-गेट चालत नाहीत, म्हणजे रांग आली. त्या रांगेतून सुटून दोनच्या आत लाउंजच्या दारात पोचणं ही धावण्याची शर्यत असे. मी ती एकदाच जिंकलो, आणि तेव्हाही आतले लोक टेबलं पुसत होते.

टर्मिनल ५ आणि आपला शमशाबादचा विमानतळ ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. आपला बेगमपेठचा विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद होऊन शमशाबाद सुरू झालं ते २३ मार्च २००८ ला. टर्मिनल ५ उघडलं २७ मार्च २००८ ला. चार दिवसांचं अंतर. धाकट्या भावंडाचं बारसं मात्र फार गाजलं. सामान वाहून नेणारी यंत्रणा पहिल्याच दिवशी कोलमडली, विमानं रद्द झाली आणि हजारो बॅगांचा डोंगर साठला. आमच्या धंद्यात नवी प्रणाली सुरू करायच्या आदल्या दिवशी अजूनही कोणीतरी ही गोष्ट सांगून सगळ्यांची झोप उडवतो.

आता माझ्या कार्डाविषयी. मी काही जन्मजात बिझनेस क्लासवाला नाही. पण दोन वर्षं आमच्या प्रकल्पाच्या करारातच लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लास लिहिलेला होता, आणि महिन्या-दोन महिन्यांनी लंडनची फेरी होती. त्या वेळी ब्रिटिश एअरवेजच्या एक्झिक्युटिव्ह क्लबचा हिशेब असा होता: वर्षभरात ३०० टिअर पॉइंट जमवले तर ब्राँझ, ६०० ला सिल्व्हर, १५०० ला गोल्ड. हैदराबाद किंवा मुंबईहून लंडनला बिझनेस क्लासच्या एका बाजूला १४० पॉइंट. म्हणजे अकरा वेळा समुद्र ओलांडला की गोल्ड. तेव्हा ते गणित मी एक्सेलमध्ये मांडून ठेवलं होतं, हे कबूल करायला आता लाज वाटते. एका वर्षाअखेर मला १२० पॉइंट कमी पडत होते, आणि एक मीटिंग फोनवर होण्यासारखी असूनही 'प्रत्यक्षच भेटू या' असं मी साहेबांना पटवलं होतं. (एप्रिल २०२५ पासून हे सगळं बदललंय. आता किती उडालात यापेक्षा किती पौंड खर्च केलेत ते मोजतात, आणि गोल्डला २०,००० पॉइंट लागतात. एका पौंडाला एक पॉइंट. माझ्यासारख्यांचं एक्सेल संपलं.)

ही अशी वेडं लावायची युक्ती अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली मोठ्या प्रमाणावर सुरू केली. लाउंज मात्र त्याहून जुनं. त्याच कंपनीनं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये अ‍ॅडमिरल्स क्लब उघडला, तोही सुरुवातीला निवडक, बोलावलेल्या पाहुण्यांसाठीच. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न लाउंजच्या जन्मापासूनचा आहे.

टर्मिनल ५ च्या त्या लाउंजमध्ये मी आठ-दहा वेळा गेलो असेन, बहुतेक मुंबईहून रात्री निघणाऱ्या विमानानं. आत गेलं की न्हाणीघरासाठी नाव सांगायचं. आपला नंबर लागला की छोटीशी स्वच्छ खोली मिळते. शर्ट इस्त्रीला देता येतो, आपली आंघोळ होईपर्यंत तो कडक होऊन येतो. पाण्याला जोर असा, की रात्रभर अवघडलेली मान तिथेच सुटते. मग अंडी, टोस्ट, वाफाळती कॉफी. आसपास सगळे ओल्या केसांचे पुरुष-बायका लॅपटॉप उघडून बसलेले. कोणी कोणाशी बोलत नाही. जोडीनं आलेलं कोणी क्वचितच दिसायचं, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मीही एकटाच असायचो.

नंतर प्रकल्प संपला. बिझनेस क्लास गेला, फेऱ्या गेल्या, कार्ड मात्र मुदत संपेपर्यंत हातात राहिलं. त्याच सुमारास रेडिंगला माझ्या ताईला दुसरं बाळ झालं. आई असती तर ती सहा महिने आधीच जाऊन बसली असती. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ताई म्हणाली, "अण्णांनाच आण." अण्णा आधी नको म्हणाले, मग थंडीचं कारण, मग गुडघ्याचं, मग एक दिवस स्वतःच पासपोर्ट घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

अण्णांची ओळख करून द्यायची राहिली. दक्षिण मध्य रेल्वेत तिकीट तपासणीत त्यांची सगळी नोकरी गेली. सिकंदराबाद, काचीगुडा, मधली काही वर्षं नांदेड. काळा कोट, पंच, पावतीपुस्तक. प्रतीक्षालयात तिकीट नसलेले लोक पंख्याखाली पाय पसरून झोपतात, त्यांना उठवणं हाही त्यांच्या कामाचाच भाग. माणसाच्या चालीवरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही ते मला कळतं, असं ते सांगतात, आणि रस्त्यात अनोळखी लोकांवर हा प्रयोग करून आम्हाला शरमेनं मारतात.

तिकिटं माझ्या पैशानं, अर्थात इकॉनॉमी. दादरला काकांकडे दोन दिवस राहून मुंबईहून रात्रीचं विमान पकडलं. टर्मिनल २ वर कार्ड दाखवलं, "हे माझे वडील" म्हटलं, आणि आम्ही दोघं लाउंजमध्ये. निघताना गोल्डवाल्याला एक पाहुणा नेता येतो, तो त्याच दिवशी त्याच गटाच्या विमानानं जाणारा हवा, एवढीच अट. अण्णांनी आधी सगळा लाउंज चालत पाहिला. दारावरची मुलगी कार्ड कसं तपासते ते पाचेक मिनिटं बघितलं. मग इडली घेतली आणि म्हणाले, "तपासणी चांगली आहे. फोटो बघत नाहीत, ते चुकतंय."

तिथेच माझं गृहीतक पक्कं झालं. निघताना पाहुणा चालतो, म्हणजे पोचल्यावरही चालणार. अटी वाचण्यात हयात घालवलेल्या, दुसऱ्यांच्या कोडमधल्या न तपासलेल्या गृहीतकांवर लाल शेरे मारणाऱ्या माणसानं हे एक पान वाचलं नव्हतं.

सकाळी सातला उतरलो. विमान लांबच्या फाट्यावर लागलं, तिथून जमिनीखालच्या छोट्या गाडीनं मुख्य इमारतीत. ती गाडी बिनचालकाची आहे म्हटल्यावर अण्णांनी पुढच्या काचेपाशी जाऊन खात्री करून घेतली. इमिग्रेशनला पाऊण तास. अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस, कोणाकडे. अण्णांनी इंग्रजीत नातीचं नाव, वजन आणि जन्मवेळ सांगितली. बॅगा आल्या. सव्वाआठच्या सुमाराला आम्ही ढकलगाडीवर चार बॅगा आणि वर लोणच्याची खोकी घेऊन लाउंजच्या दाराशी. अण्णांच्या हातात पिशवी, पिशवीत पंचा, नवा साबण, धुतलेला सदरा. हे सगळं त्यांनी चेक-इनच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं होतं, पटकन मिळावं म्हणून.

डेस्कवरच्या बाईंनी माझा बोर्डिंग पास पाहिला, कार्ड पाहिलं, हसून स्वागत केलं. मग अण्णांचा बोर्डिंग पास पाहिला आणि शांतपणे सांगितलं की या लाउंजमध्ये पाहुणे आणता येत नाहीत. पोचल्यावरच्या लाउंजचा नियम वेगळा आहे. लांबच्या विमानानं फर्स्ट किंवा बिझनेसमध्ये आलेले प्रवासी, आणि कुठल्याही वर्गातून आलेले त्यांचे स्वतःचे गोल्ड सदस्य. बस्स. सिल्व्हर नाही, दुसऱ्या कंपनीचं कितीही चकचकीत कार्ड असलं तरी नाही, आणि सोबतचा माणूस तर नाहीच. मी दोन वाक्यं बोलून पाहिली, वय, रात्रभरचा प्रवास. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्यासारखं होतं, पण उत्तर बदललं नाही. बदलायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. नियम लिहिलेला होता, वाचायचा मी राहिलो होतो.

मला मागे वळून अण्णांकडे बघायचं धैर्य होईना. पण त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच कळतं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. ज्याच्या नावावर पास, तो आत. तू जा."

"मी कशाला जाऊ? आपण ताईकडेच जाऊ या."

"अरे, मिळतंय ते सोडायचं नाही. पास फुकट घालवू नये. मी बसतो सामानापाशी."

आणि मी गेलो. हे लिहिताना जरा जड जातंय, पण गेलो हे खरं. दोन रात्रींची अर्धवट झोप होती, मान आखडली होती, आणि खरं सांगायचं तर आता या लाउंजमध्ये पुन्हा कधी येणं होणार, हाही विचार डोक्यात होता. अण्णांना आगमनाच्या हॉलमध्ये एका बाकावर बसवलं, बॅगा भोवती रचल्या आणि मी आत शिरलो.

न्हाणीघर लगेच मिळालं. पाणी तसंच जोरदार होतं. त्याखाली उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर आला तो अण्णांचा रेल्वेचा पास. ज्यांच्या घरी रेल्वेची नोकरी होती त्यांना तो कागद आठवत असेल. कुठून कुठे, कुठल्या मार्गानं, कोणता वर्ग, आणि खाली नावांची यादी: स्वतः, पत्नी, मुलगी, मुलगा, पुढे वयं. आमच्या पासावर आजीचंही नाव असायचं, अवलंबून असलेली विधवा आई म्हणून. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्याचं नाव गळतं, पण शिकत असेल तर कॉलेजचं बोनाफाइड लावून राहतं. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी मी ते बोनाफाइड कंटाळत, 'मी माझं तिकीट काढीन' असं पुटपुटत आणून दिलं होतं. अण्णांनी ते नीट घडी करून अर्जाला टाचलं. परभणीच्या प्रतीक्षालयात आम्ही पाचजण घुसायचो ते त्या एका कागदावर. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पासावर दोन नावं असायची. आता एकच असतं.

आणि माझं कार्ड, ज्यासाठी मी एक्सेल मांडलं, एक जादाची फेरी उकरून काढली, त्यावर कुठल्याही दिवशी माझ्याशिवाय कोणाचंच नाव नव्हतं.

इस्त्रीला शर्ट दिलाच नाही. कॉफीही घेतली नाही. वीस मिनिटांत बाहेर आलो तर बाकावर बॅगा होत्या आणि अण्णा नव्हते. बॅगांपाशी हातात कोणाच्या तरी नावाची पाटी धरून एक पगडीवाले सरदारजी उभे. माझ्या छातीत धस्स झालं. त्या विमानतळावर बेवारस सामानाविषयी दर दहा मिनिटांनी घोषणा होते, आणि इथे चार बॅगा परक्या माणसाच्या हवाली! सरदारजींनीच हिंदीत सांगितलं, "अंकलजी वॉशरूम गए हैं। मैं हूँ ना।"

दोन मिनिटांत अण्णा आले. ओले केस मागे विंचरलेले, धुतलेला सदरा अंगात, पंचा पिळून पिशवीत.

"कावळ्याची आंघोळ केली," म्हणाले. "पाणी गरम येतं नळाला. एकानं विचारलं, आर यू ओके सर. मी म्हटलं, येस, बाथिंग."

"अण्णा, सामान अनोळखी माणसाकडे…"

"चाळीस वर्षं माणसंच बघत आलो. हे साउथॉलला राहतात. यांचे वडील लुधियानाला गार्ड होते. रेल्वेत."

म्हणजे माझ्या वीस मिनिटांत त्यांचं एवढं झालं होतं. सरदारजींचं विमान उशिरा होतं, म्हणून त्यांनी दोन चहा आणले, अण्णांनी दशम्यांचा डबा उघडला. मला लाउंजमधून काही खाऊन आलास का विचारलं. मी नाही म्हटल्यावर एक दशमी माझ्याही हातात आली. आम्ही तिघं त्या हॉलमध्ये, कस्टम्सच्या दारातून बाहेर येणारी माणसं बघत उभे राहिलो. शमशाबादला पहाटे आखातातून येणाऱ्यांसाठी अख्खी गावं गाड्या भरभरून येतात, हार असतात, रडारड असते. इथे आवाज कमी, पण कठड्यापाशी ताटकळणारे चेहरे तेच. एक आजीबाई व्हीलचेअरवरून बाहेर आल्या आणि एक दहा वर्षांचा मुलगा दोरी ओलांडून धावत सुटला, तेव्हा अण्णा चहा हातात तसाच धरून उभे होते.

रेडिंगला जायला टर्मिनल ५ वरूनच रेलएअर नावाची बस मिळते. पाऊण-एक तासाचा रस्ता. बसमध्ये बसल्यावर मी फोन काढून ते सगळं वाचलं जे मुंबईला निघण्याआधी वाचायला हवं होतं. तुमच्यापैकी बरेच जण आई-बाबांना घेऊन किंवा एकटं पाठवून मुलांकडे, बहिणींकडे नेत असता, म्हणून त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

वनवर्ल्ड किंवा स्टार अलायन्स यांसारख्या गटांचं वरच्या दर्जाचं कार्ड असेल, तर निघताना त्या गटातल्या कुठल्याही कंपनीच्या विमानासाठी लाउंज मिळतं आणि साधारणपणे एक पाहुणाही चालतो. ही गटानं एकत्र दिलेली सवलत. पोचल्यावरचं लाउंज त्या करारातच नाही. ते ज्या कंपनीचं, तिचे नियम. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं वेलकम लाउंज आहे. हैदराबादहून त्यांचं थेट विमान २०२४ च्या जानेवारीपासून आहे, आणि ते उतरतं पहाटे, त्यामुळे वेळ तरी जुळते. पण तिथेही लांबच्या विमानाचा बिझनेस किंवा फर्स्टचा प्रवासी हवा, नाहीतर त्यांच्याच घरचा सेनेटर किंवा त्यावरचा सदस्य. एअर इंडियाचं गोल्ड घेऊन तिथे गेलात, तर निघतानाच्या लाउंजमध्ये या असं सांगतील, आणि तुम्ही तर नुकतेच उतरलेले असाल.

बँकेच्या कार्डांवर मिळणारी लाउंजही बहुतेक निघतानाचीच. काही विमानतळांवर प्लाझा प्रीमियमसारख्या कंपन्या पोचणाऱ्यांसाठी पैसे घेऊन लाउंज चालवतात. तिथे कार्डाचा रंग कोणी विचारत नाही, पैसे भरले की आईबाबांसकट आत. हीथ्रोच्या टर्मिनल ३ च्या आगमन भागात एरोटेल नावाचं तासांवर खोली देणारं हॉटेल आहे, आणि टर्मिनल ५ वरून तिथे जायला टर्मिनलांमधली रेल्वे फुकट आहे. म्हणजे थोडे पौंड आणि अर्धा तास खर्च केला असता तर अण्णांना गरम पाण्याची खरी आंघोळ मिळाली असती. मी ते बघितलंच नाही, कारण माझ्याकडे कार्ड होतं. आई-बाबांचं तिकीट काढताना तुम्ही मात्र बघा. आणि वेळही बघा: दुपारनंतर उतरणाऱ्या विमानाला यातलं बरंचसं बंद झालेलं असतं.

मी हे वाचत असताना अण्णा खिडकीतून हिरवळ बघत होते. मग म्हणाले, "दाखव ते कार्ड."

मी फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पासच्या दोन्ही बाजू बघायच्या सवयीनं फोन उलटा करून मागूनही पाहिला. मागे अर्थातच माझ्या फोनचं फुटलेलं कव्हर होतं.

"वैधता?"

"अजून काही महिने."

"नंतर?"

"नंतर खालच्या रंगाचं. आणि मग बहुतेक काहीच नाही."

"हं." फोन परत दिला. "आमचं निदान मरेपर्यंत असतं." थोड्या वेळानं पुन्हा, "या बसला साठीच्या वरच्यांना सवलत आहे का?"

मी म्हटलं, इथल्या रहिवाशांना काही सवलती असतात, आपल्याला नाही. आपल्याकडे रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली ती अजून चालू केलेली नाही, यावर मग रेडिंग येईपर्यंत त्यांचं भाषण झालं. पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास, कुठल्या गाड्यांना लागू, सगळं तोंडपाठ. मागच्या सीटवरच्या गोऱ्या मुलीनं कानात इयरफोन घातले.

भाऊजी बस थांब्यावर आले होते. घरी पोचलो तर ताई बाळाला खांद्यावर घेऊन दारातच. अण्णांनी नातीकडे हात पुढे केले, तशी ताई एक पाऊल मागे सरली.

"अण्णा, आधी आंघोळ. वर बाथरूममध्ये बादली आणि मग ठेवलेत. बादली मिळवायला तीन दुकानं पालथी घातलीत यांनी."